विषय: ट्रेलरचे पुढचे पाय – उजवा अडतो, ब्रेकर पडतो

[मढ, मुंबई]

नमस्कार मंडळी,

ट्रेलर फिफ्थ-व्हील पद्धतीचा (पुढचा भाग ओढणाऱ्या गाडीवर टेकतो), गाडी सोडली की तो पेलायला पुढे दोन इलेक्ट्रिक पाय. मोटर एकच, १२ व्होल्टची, डाव्या पायावर. तिथून आडवा दांडा उजव्या पायाकडे जातो. पाय हवेत असले की दोन्ही झकास वरखाली होतात. जमिनीला टेकून वजन आलं की डावा कण्हत उचलतो, उजवा मध्येच थांबतो आणि थोड्याच वेळात ३० अँपिअरचा ब्रेकर (जास्त करंट गेला की वीज तोडणारा) पडतो. मिनिटभराने आपोआप लागतो. बॅटरी १२.६ दाखवते. वायरमनचं म्हणणं, मोटर गेली. बदलायची का?

[ह्यूस्टन]

मोटरला इतक्यात हात लावू नका. हवेत दोन्ही दिशांना नीट फिरते, म्हणजे मोटर आणि स्विच दोन्ही बहुधा धड आहेत. इथे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेत असं दिसतं.

पहिला उजव्या पायाचा. आडवा दांडा दोन्ही टोकांना गिअरच्या शाफ्टवर सॉकेटसारखा बसतो आणि आरपार एका रोल पिनने (गुंडाळलेल्या पत्र्याची पोकळ खिळी) अडकवलेला असतो. ती पिन अर्धवट तुटली की गंजाच्या चिकटीवर पाय हवेत फिरतो, वजन आलं की दांडा शाफ्टवर नुसता घसरतो. मग सगळं वजन एकट्या डाव्यावर. खात्री करायला दांड्यावर आणि उजव्या शाफ्टवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढा, स्विच दाबा. रेघ तुटली की पिन गेली.

पिन काढण्याआधी ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, पुढच्या चॅसीखाली दोन घोड्या (जॅक-स्टँड) द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. घोड्यांशिवाय खाली शिरायचं नाही. पायातला स्क्रू वजनाने आपोआप उतरत नाही यावर भरवसा ठेवून तर अजिबात नाही.

नवी पिन घालण्याआधी दोन्ही पाय सारखे करा. बाहेरच्या नळीच्या कडेपासून तळव्यापर्यंत टेपने मोजा, उजवा शाफ्ट हाताने फिरवून फरक शून्यावर आणा. लोक नेमकं हेच विसरतात. एक पाय आधी पूर्ण आत जाऊन आदळतो, दुसऱ्याला अजून जायचं असतं, आणि नवी पिन पहिल्याच दिवशी तुटते. पिनेच्या जागी हाय-टेन्साइल बोल्ट ठोकू नका. पिन मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. ती तुटली नाही तर गिअरचे दात तुटतात.

दुसरा दोष विजेचा. मोकळ्या बॅटरीवरचे १२.६ काही सांगत नाहीत. स्विच दाबलेला असताना, वजनाखाली, मोटरच्या दोन टोकांवर किती व्होल्ट येतात ते कळवा. व्होल्ट कमी पडले की मोटर जास्त अँपिअर ओढते आणि ब्रेकर पडतो.

[सॅन होजे]

ह्यूस्टनच्या काकांचं बाकी सगळं बरोबर, शेवटच्या वाक्याला मात्र हरकत. डीसी मोटरचे अँपिअर वजन ठरवतं, व्होल्ट वेग ठरवतात. तेच वजन कमी व्होल्टवर उचललं तर अँपिअर जवळपास तेवढेच, वेळ मात्र जास्त. हा ब्रेकर उष्णतेवर चालतो, म्हणून लांबलेल्या वेळाने पडतो. शिवाय तो बंद पत्र्याच्या डब्यात असेल तर मुंबईच्या उन्हात आधीच तापलेला असतो. त्याच्या स्टडवरचा नट ढिला असला तरी तीच गत. मोठा ब्रेकर बसवणं हा उपाय नव्हे, वायर जळेल.

मढकर, अँपिअर मोजायला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा) डीसी मोजणारा घ्या. साधा फक्त एसी मोजतो. मग वजनाखाली, स्विच दाबलेला असताना, व्होल्टची दोन मापं:
१. बॅटरीच्या प्लसपासून स्विचच्या इनपुट प्लसपर्यंत.
२. स्विचच्या इनपुट निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत.
मोटरच्या वायरींवर मोजू नका, दिशा बदलताना स्विच तिथे प्लस-मायनस उलटा करतो.

[मढ, मुंबई]

रेघ तुटली. उजवी पिन दोन तुकड्यांत निघाली. नागदेवी स्ट्रीटवर आधी ६ मिमीची पिन दिली, ती ढिली. कॅलिपरने भोक ६.३५, म्हणजे पाव इंच. त्या मापाची आणली, पाय सारखे करून बसवली. आता दोन्ही पाय एकत्र उचलतात, पण सावकाश. ब्रेकर अजून कधीमधी पडतो. मापं: २४ अँपिअर, बॅटरीवर १२.१ व्होल्ट, प्लसकडे ०.६ व्होल्ट गळती, निगेटिव्हकडे २.१.

[सॅन होजे]

सापडलं. २.१ गुणिले २४, म्हणजे सुमारे ५० वॅटची शेगडी कुठल्यातरी अर्थच्या बोल्टवर पेटलेली आहे. स्विच थोडा वेळ चालवा, बंद करा, मग हात लावून बघा, गरम लागेल तो सांधा. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्याचं थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) आणि लोखंडी चॅसी एकत्र आले की असंच होतं.

तिथला रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, नवं टिन केलेलं थिंबल, खाली दातेरी वॉशर, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. त्याहून बरं म्हणजे चॅसीवर विसंबूच नका: १० चौरस मिमीची तांब्याची वायर स्विचपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. लोहार चाळीत मीटरवर मिळते. ५ मीटर लांबीला २४ अँपिअरवर जेमतेम पाव व्होल्ट गळतो.

[मढ, मुंबई]

ताई, चॅसीवरच्या अर्थ बोल्टचं थिंबल हिरवं पडलं होतं, वायर आतून काळी. नवी वायर ओढली. निगेटिव्हकडे आता ०.३, पाय पहिल्यासारखे चालतात, ब्रेकर पडला नाही. वंगण काय वापरू? इथला मेकॅनिक डब्ल्यूडी-४० मारायला निघालाय.

[ह्यूस्टन]

ते गंज सोडवायला, वंगण म्हणून नको. आतल्या स्क्रूला आणि गिअरला लिथियम ग्रीस. बाहेर दिसणाऱ्या सरकत्या नळीला ग्रीस लावू नका, वाळू चिकटून ती घासत जाते. तिथे सिलिकॉन स्प्रे, पुसून कोरडा. खालचे ड्रॉप-लेग (पायातले सरकते आतले भाग) आधी हाताने सोडून पिन लावा, म्हणजे मोटरला कमी चालावं लागतं. हँडलने फिरवायची वेळ आली तर आधी वीज तोडा, आणि इम्पॅक्ट रेंच लावू नका. पावसाळ्यात चार महिने उभा राहणार असेल तर बॅटरी घरी काढून न्या आणि महिन्याला एकदा चार्ज करा.

आणि हो, सॅन होजेच्या ताईंचं अँपिअरबद्दलचं म्हणणं मान्य.