शब्दचर्चा : ग्राफिक्स ड्रायव्हरमधले 'अ‍ॅलोकेशन', 'कॅशिंग' आणि 'पूल'

दर्यापूर (विचारणा)
गावच्या अभ्यासिकेत बारावी झालेली आठ-दहा मुलं लिनक्स शिकत आहेत. त्यांच्यासाठी ग्राफिक्स ड्रायव्हरवर (ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणाऱ्या प्रोग्रामवर) मराठीत टिपणं काढते आहे आणि तीन शब्दांपाशी अडले आहे. 'मेमरी अ‍ॅलोकेशन'ला 'वाटप' लिहिलं, तर मुलं विचारतात, कुणाकुणाला वाटली? 'पेज पूल' वाचून एकाला नदीवरचा पूल आठवला. 'कॅशिंग' म्हटलं की रोकड डोळ्यांपुढे येते. लिनक्समध्ये ग्राफिक्सची मेमरी सांभाळणारा टीटीएम नावाचा भाग 2009 मध्ये आला. त्याच्या कोडात हे तिन्ही शब्द पावलोपावली भेटतात. काय लिहावं?

आर्वी
ताई, 'पेज'ला, म्हणजे मेमरीच्या सारख्या मापाच्या तुकड्याला, 'पान'च ठेवा, 'पृष्ठ' नको. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकात 1962 साली पान 512 शब्दांचं होतं (इथे 'शब्द' म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तेवढा मजकूर), आजच्या साध्या पीसीत ते 4096 बाइटचं असतं. मुलांच्या वहीसारखंच आहे: पानं सारख्या मापाची, मजकूर कमी असो की जास्त.

दारव्हा
ताई, माह्यं राशनचं दुकान हाय. 'वाटप' हा शबद तुम्ही लई उशिराचा घेतला. आमच्यात तीन पायऱ्या रायतात. महिन्याचं 'नियतन' तहसीलातून येते, थे कागदावर. मंग गोदामातून 'उचल'. आन् लोकं मशीनवर अंगठा लावतेत तवा 'वाटप'. नियतन आलं म्हंजे पोते दुकानात आले, असं नसते.

दर्यापूर
भाऊ, हे चपखल बसतं! 1920 × 1080 चं एक चित्र, दर ठिपक्याला 4 बाइट, म्हणजे 82,94,400 बाइट, बरोबर 2025 पानं. प्रोग्राम एवढी जागा मागतो तेव्हा ड्रायव्हर आधी नुसती नोंद करतो, आणि बहुतेक वेळा खरी पानं पहिल्या वापराच्या वेळी येतात. म्हणजे मागणीला 'नियतन' आणि पानं हातात येण्याला 'उचल'. 'वाटप' सोडून देते.

पुसद
ड्रायव्हरच्या कोडात माझा रोजचा वावर आहे, म्हणून 'कॅशिंग'बद्दल जरा सविस्तर लिहितो. इथे एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, आणि मराठीत त्या वेगळ्या झाल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट प्रोसेसरच्या कॅशेची. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ 'लपवणं'. संगणकात हा शब्द 1968 च्या सुमारास आयबीएमच्या सिस्टीम 360, मॉडेल 85 या यंत्राच्या निमित्ताने रुळला. पण लपवण्याचा अर्थ मुलांच्या उपयोगाचा नाही. त्यांना किराणा दुकानातल्या दोन वह्या दाखवा. प्रोसेसर आधी कच्च्या वहीत, म्हणजे कॅशेत, लिहितो आणि सवडीने पक्क्या वहीत, म्हणजे मेमरीत, खतावतो. ग्राफिक्स कार्ड पक्की वही वाचतं. नोंद कच्च्यातच पडून असेल तर कार्ड जुना आकडा वाचणार, आणि पडद्यावर चित्राचे तुकडे अस्ताव्यस्त दिसणार.

म्हणून पानागणिक ठरवून ठेवतात की लिहिणं कसं व्हावं. साधं पान : कच्च्यात लिहा, मागाहून खतावा. दुसरा प्रकार : कच्ची वही नकोच, थेट पक्क्यात. तिसरा प्रकार ग्राफिक्सच्या फार कामाचा. त्यात प्रोसेसर ओळी चिठ्ठीवर जमवतो आणि गठ्ठ्याने पक्क्यात उतरवतो, साधारण 64 बाइटचा एक गठ्ठा. याला मी 'एकगठ्ठा खतावणी' म्हणेन. लिहायला वेगवान, पण तेच पान प्रोसेसरला परत वाचायचं झालं तर फार हळू. (काही ठिकाणी कार्डाला कच्च्या वहीत डोकावता येतं. तिथे पान साधं ठेवलं तरी चालतं.)

पहिल्या अर्थाला मी 'खतावणीची रीत' म्हणेन. दुसरा अर्थ पूलचा आहे. वापरून झालेली रिकामी पानं परत न करता ड्रायव्हर जवळ ठेवतो, त्यालाही कोडात कॅशिंगच म्हणतात. त्याला शब्द सुचत नाही.

आर्वी
'साठा' का नको?

पुसद
सर, साठ्यात माल असतो. ही पानं रिकामी असतात.

साकोली
मग 'बारदाना' म्हणा ना. आमच्याकडे धान खरेदी केंद्रावर हंगामात पहिला प्रश्न हाच असतो, बारदाना आला का? धान कितीही असो, पोती नसतील तर काटा बंद. बारदाना म्हणजे रिकामी पोती, भरण्यासाठी तयार ठेवलेली. ज्या पोत्यावर छापा मारून झाला, ते कोणी सुखासुखी परत देत नाही. पुन्हा तोच छापा लागणार असतो.

पुसद
दादा, छाप्याची गोष्ट बोललात आणि सगळं जुळलं. पानाची रीत बदलणं महाग असतं. एक्स86 वर (साध्या पीसीतल्या प्रोसेसरवर) त्या पानाची कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, आणखी एक नोंद असते, तीही बदलावी लागते. सगळ्या कोअरकडच्या पत्त्यांच्या जुन्या नोंदी पुसाव्या लागतात, कच्ची वही रिकामी करावी लागते. दर चित्रामागे हे करत बसलं तर खेळ अडखळतो. म्हणून थेट नोंदीचा छापा असलेली पानं वेगळी आणि एकगठ्ठ्याची वेगळी ठेवतात. साध्या पानांना छापाच नसतो, म्हणून ती बहुधा लगेच परत जातात.

दोन गोष्टी टिपणात नक्की घाला. पान दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती जाण्याआधी पुसलं जातं, नाहीतर एकाचं चित्र दुसऱ्याला दिसेल. पोतं झटकून देतात तसं. आणि मेमरी कमी पडली की कर्नल हा बारदाना परत मागतो, तेव्हा ड्रायव्हर छापा काढून पानं साधी करतो आणि सोडतो.

दारव्हा
मंग बारदाना लई जमा करून ठेवला त दुसऱ्याले कमी नाई पडत काय?

पुसद
पडतो, भाऊ. म्हणूनच पूलला कमाल मर्यादा असते.

आर्वी
'बारदाना' मला पटला. 'खतावणीची रीत' मात्र ज्या मुलांनी दुकानाची वही पाहिलेली नाही त्यांना अडेल. मी 'नोंदीची रीत' ठेवीन.

दर्यापूर
सर, आमच्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी कापसाची देणी-घेणी वहीत असतात. 'खतावणी'च ठेवते. टिपणातलं पहिलं वाक्य असं केलं आहे : 'ड्रायव्हर नियतनाच्या वेळी पानांची खतावणीची रीत ठरवतो, उचलीच्या वेळी त्या छाप्याचा बारदाना आधी पाहतो, आणि तो संपला तरच कर्नलकडे नवी पानं मागतो.' उद्या मुलांपुढे वाचून दाखवते आणि कुठे अडतात ते इथे लिहिते.