धागा: नवशिक्यांना रात्रीची गाडी शिकवावी का? शिकवायची तर नेमकं काय?

गाडी शिकण्याचे तास बहुतेक दिवसाउजेडी होतात आणि परवाना मिळाला की पहिल्याच आठवड्यात अंधारात गाडी काढायची वेळ येते. शिकवणारे, गॅरेजवाले, डोळ्यांचे जाणकार, रात्रीचे चालक, सगळ्यांनी लिहा. 'सावकाश चालवा' हे सर्वांना ठाऊक आहे, त्यापुढचं हवंय.

शिकवणारा
शिकवावंच, पण पहिल्या दिवसापासून नको. गिअर बदलताना नजर खाली जाते आहे तोवर रात्र लांब ठेवा. ते जमलं की सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी निघायचं आणि पूर्ण अंधार होईपर्यंत एकाच ओळखीच्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या. उजेड कमी झाला तरी वेग तोच राहतो. शिकणाऱ्याला हे सांगून पटत नाही, प्रत्येक फेरीला स्पीडोमीटर वाचायला लावला की पटतं.

त्याआधी उभ्या गाडीत एक धडा: डोळे मिटून अपर (लांबचा झोत), डिपर (जवळचा, खाली झुकलेला झोत), हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम), वायपर आणि मागच्या काचेवरचं दव घालवणारं बटण हाताला सापडलं पाहिजे. डॅशबोर्डचा उजेड कमी कसा करायचा, आतल्या आरशाखालची खुंटी ओढून मागच्या गाडीच्या दिव्यांचा झगझगाट कसा कमी करायचा, हे अनेकांना परवान्यानंतरही माहीत नसतं.

मुख्य धडा मोकळ्या, बंदिस्त मैदानात. माणसाच्या उंचीचं काळं पोतं उभं करा. डिपरवर २० च्या वेगाने या, दिसल्याक्षणी थांबा, पोत्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. मग त्याच पोत्याला चकाकणारी पट्टी लावून पुन्हा या. दोन आकड्यांतला फरक शिकणारा स्वतःच्या पायांनी चालून बघतो, तो विसरत नाही.

हिशेब असा. डिपरचा कामाचा उजेड ४० ते ६० मीटर. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारून आणखी २०. झाले ४५. म्हणजे डिपरवर ६० हेच काठावरचं. ८० ला हा आकडा ७० च्या आसपास जातो, उजेड मात्र तेवढाच राहतो.

गॅरेजवाला
वरचे ४०-६० मीटर दिवे सरळ असतील तरच. शिकाऊ गाड्यांचे दिवे सहसा कोणी तपासत नाही. पद्धत: सपाट जागा, भिंतीपासून १० मीटर, टायरमध्ये बरोबर हवा, चालकाच्या सीटवर माणूस, लेव्हलरचं (झोत वर-खाली करायचं डॅशबोर्डवरचं) चाक शून्यावर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, भिंतीवर तेवढ्याच उंचीला चिकटपट्टी लावा. डिपरच्या उजेडाची वरची कडा पट्टीच्या साधारण १० सेंटीमीटर खाली पडायला हवी, म्हणजे एक टक्का उतार. दिव्यावर किंवा बॉनेटखाली वेगळा टक्का छापलेला असेल तर तो पाळा.

दिवा ६५ सेंटीमीटर उंचीवर असेल तर ही कडा ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. भिंतीवर फक्त ५ सेंटीमीटर आणखी खाली गेली की तेच अंतर ४३ मीटरवर येतं. उलट डिकी भरली, मागे तिघं बसले की नाक वर होतं आणि डिपरच समोरच्याच्या डोळ्यात घुसतो. लेव्हलरचं चाक त्यासाठीच असतं. बहुतेक गाड्यांत ते जन्मभर शून्यावर.

उजेड कमी वाटला की लोक १०० वॅटचे बल्ब मागतात. ६०/५५ वॅटच्या वायरिंगवर रिलेशिवाय (जास्त करंट वेगळ्या वायरने देणारा स्विच) ते लावले की होल्डर वितळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला तर प्रकाश फुटतो: गाडीजवळ लख्ख, लांब काळोख. आधी पिवळी पडलेली काच घासा, ८०० मग १५०० मग २००० नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर, शेवटी पॉलिश आणि अतिनील किरण रोखणारा थर. तो थर टाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी.

आणि पुढची काच आतून पुसा. आतल्या प्लॅस्टिकची वाफ तिच्यावर बसते. दिवसा कळत नाही, रात्री समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं.

नजर तपासणारा
डोळा अंधाराला पुरता सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. झगझगीत खोलीतून निघून लगेच वेग घेऊ नये. अर्ध्या नंबरचा दूरचा दोष दिवसा जाणवत नाही, रात्री बाहुली मोठी झाली की पाट्या फिसकटतात. शिकणारा 'पाटी वाचता येत नाही' म्हणाला तर आधी चष्म्याचा नंबर बघा.

रात्रीचा चालक
समोरून अपर आला तर दिव्यांकडे बघू नका, आपल्या बाजूच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवा आणि वेग उतरवा. सूड म्हणून आपणही अपर मारला की दोघंही आंधळे. आणखी एक: एकच दिवा म्हणजे मोटारसायकल असं धरू नका, एक दिवा गेलेला ट्रकही असतो. दोन दिव्यांतलं अंतर वाढताना बघून आपण समोरच्याचा वेग ताडतो, एका दिव्यात ती सोय नाही.

झोपेचं मात्र सराव करून काही होत नाही. पहाटे २ ते ६ शरीर झोपच मागतं. ८० च्या वेगाला ३ सेकंदांची डुलकी म्हणजे ६७ मीटर. कॉफी घेऊन लगेच १५-२० मिनिटं सुरक्षित जागी झोपा. कॉफीचा असर साधारण तेवढ्याच वेळाने सुरू होतो.

नियमवाला
थोडा विरोध. न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या टप्प्याच्या परवान्यावर रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने चालवता येत नाही. जर्मनीत उलट, मोटारीच्या परवान्याआधी अंधारातले ४५-४५ मिनिटांचे ३ तास सक्तीचे. माझ्या मते दोन्ही हवं. नुसते तीन तास देऊन मोकळं सोडलं तर शिकणाऱ्याला 'मला रात्र जमते' हा आत्मविश्वास तेवढा मिळतो.

शिकवणारा
मान्य. म्हणून शेवटचा तास पावसातल्या रात्रीचा ठेवावा. ओल्या रस्त्यावर रंगवलेल्या पट्ट्यांमधले उजेड परतवणारे काचेचे मणी पाण्याखाली जातात, रेषा गायब होतात आणि आपल्या दिव्याचा उजेड पुढेच निसटतो. तिथे ४० लाही पाय आपोआप ब्रेककडे जातो. नाही गेला, तर तो शिकणारा अजून एकट्याने सोडण्याजोगा झालेला नाही.

नवीन प्रश्न
रात्रीचे पिवळे चष्मे घ्यावेत का?

नजर तपासणारा
नको. रंगीत काच उजेड अडवते, आणि रात्री तो आधीच कमी असतो. नंबर असेल तर परावर्तन रोखणारा थर असलेली साधी पारदर्शक काच घ्या.