नाट्यपुरस्कार पाहिले, पण नाटक दिसलं का?

प्रेषक: पार्लेकर ताई
विषय: नाट्यपुरस्कारांचा सोहळा

मंडळी,

टीव्हीवरचा नाट्यपुरस्कार सोहळा कुणी कुणी पाहिला? आम्ही काल जेवणं आटोपून बसलो. शेवटपर्यंत जागी राहिले मी एकटी, आमचे हे सोफ्यावर घोरत होते. निकाल पेपरात कधीच येऊन गेले होते, त्यामुळे उत्सुकता बक्षिसांची नव्हतीच. इथे अमेरिकेत बसून, वर्षभरात तिकडे मराठी रंगमंचावर काय नवं आलं ते घरबसल्या दिसेल म्हटलं. दिसलं काय, तर मालिकांतल्या नट्यांचे नाच, निवेदकांच्या एकमेकांवरच्या कोट्या आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचे हसरे चेहरे. तेसुद्धा तेच तेच. निळ्या झब्ब्यातले एक गृहस्थ प्रत्येक विनोदाला अगदी सारखेच हसत होते, टाळीसकट.

नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा, पार्श्वसंगीत ही सगळी बक्षिसं एका गाण्याच्या तालावर उरकली. माणूस चढला, बाहुली घेतली, फोटो, उतरला. खालचं नाव वाचेपर्यंत पुढचा हजर. प्रायोगिक नाटकाच्या दिग्दर्शकाला माइक मिळाला खरा, पण "आम्हाला तालमीसाठी जागा देणाऱ्या" एवढं म्हणाला आणि जाहिराती सुरू. परत येतो तो नाच चालू. त्या बिचाऱ्याला जागा कुणी दिली, देव जाणे.

एक मात्र मान्य करायला हवं. जीवनगौरव घेणाऱ्या बाईंनी सगळं वसूल करून दिलं. हातातला कागद उघडलाच नाही. दौऱ्याच्या बसचा ड्रायव्हर, कपडेपट सांभाळणारे मामा, पडदा ओढणारा, एकेकाची नावं घेतली. सहकलाकारांपैकी एकाचंही नाही! मुद्दामच असणार ते.

तुमचं काय मत?


प्रेषक: डोंबिवलीकर
विषय: उत्तर: नाट्यपुरस्कारांचा सोहळा

ताई, लिंक पाठवा ना. आमच्या ॲपवर "तुमच्या देशात उपलब्ध नाही" असं येतंय.


प्रेषक: नागपूरकर (धाकटा)
विषय: उत्तर: उत्तर: नाट्यपुरस्कारांचा सोहळा

ताई, मी पाहिला. नाचाबिचाचं मला काही वाटलं नाही, टीव्ही आहे, चालायचंच. माझी अडचण वेगळी आहे. मध्ये त्यांनी दोन नाटकांतले प्रवेश करून दाखवले. त्यातला सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेल्याचा प्रवेश बघून मी चाटच पडलो. केवढा ओरडतो तो! डोळे मोठे, हात मोठे, सगळंच मोठं. हाच माणूस वेब सिरीजमध्ये किती बारीक काम करतो. मराठी नाटकात अजून असंच चालतं का? राग मानू नका, पण हे नाटक आपण इथल्या मराठी मंडळात बोलावणार असू तर माझ्या अमराठी मित्रांना आणायची माझी काही हिंमत नाही.


प्रेषक: सांगलीकर काका
विषय: ओरडणं वगैरे

अरे बाबा, राग कशाला येईल? पण ज्याला तू ओरडणं म्हणतोस ते तुझ्यासाठी नव्हतंच. कॅमेरा त्याच्या नाकासमोर आणि तो बोलतोय बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाशी. पुण्यात बालगंधर्वला किंवा दादरच्या शिवाजी मंदिरला मागची तिकिटं काढून बस एकदा. तिथून नटाची भुवई दिसत नाही, वळलेली मान दिसते. म्हणून तो मान वळवतो, एक पाऊल जास्त टाकतो आणि वाक्याचा शेवटचा शब्द पडू देत नाही. तेच क्लोजअपमध्ये घातलं की भडक दिसणारच.

त्या प्रवेशाचं आणखी काय काय झालं बघ. नाटकवाल्यांना सवय रंगमंचाच्या काठाशी ठेवलेल्या फूटमाइकची. कुठे उभं राहिलं की माइक उचलतो, हे त्यांच्या पायांना ठाऊक असतं. इथे गळ्याशी माइक चिकटवला आणि वरून अंगावर शाल. तो हलला की खरखर, म्हणून तो हलेना. दुसरं, त्याने हशाचं वाक्य टाकलं आणि थांबला. नाटकात हशा चढतो, मग उतरायला लागतो, आणि पुरता विरायच्या आत पुढचं वाक्य यावं लागतं. अलीकडे आलं तर कुणाला ऐकू जात नाही, पलीकडे गेलं तर प्रवेश पडतो. हा अंदाज रोजच्या प्रयोगाला नव्याने घ्यावा लागतो, आणि त्यासाठी समोर तिकीट काढून आलेला प्रेक्षक लागतो. त्या हॉलमध्ये बसले होते सगळे धंद्यातलेच लोक, निम्मे आपल्या नावाची वाट बघत. हशा आला थोडका, तेवढाही थांबा संकलकाने कापला. मग तो नट धाप लागल्यासारखा वाक्यामागून वाक्य बोलतोय असंच वाटणार.

आणि उजेड! नोकरी सांभाळून मी राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर प्रकाशयोजना करायचो, त्यामुळे माझा जीव तिथे जास्त अडकतो. त्या नाटकात हा प्रवेश रात्रीचा आहे, घरात एकच दिवा. समोरचं माणूस अर्धं काळोखात असतं आणि काळोखातून त्याचा आवाज येतो. सगळी गंमत त्यात. कॅमेऱ्याला तेवढा अंधार चालत नाही, शिवाय मंच नाचासाठी उजळलेला. तेव्हा चहूबाजूंनी झोत मारून सगळं लख्ख करून टाकलं. रात्र गेली, काळोख गेला आणि तो गृहस्थ भर उजेडात आंधळ्यासारखा चाचपडतोय. तू म्हणशील हा काय अभिनय. मीही म्हटलं असतं.

सगळ्यावर कडी म्हणजे मागे काय होतं ते पाहिलंस? याच नाटकाला नेपथ्याचं बक्षीस, आणि त्याचाच प्रवेश एलईडीच्या पडद्यावर वाड्याचं चित्र लावून केला! बक्षीस ज्याला दिलं ते नेपथ्य नाही, ती प्रकाशयोजनाही नाही, अभिनय आहे पण त्याच्या पायाखालचा वाडा काढून घेतलेला. परीक्षकांनी वेगळंच काही पाहिलं आणि आपण वेगळंच काही. तेव्हा या चित्रफितीवरून त्या नटाला नापास करू नकोस, आणि खरं सांगायचं तर पासही करू नकोस.

ताई, तांत्रिक बक्षिसांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. राज्य नाट्यला प्रत्येक केंद्राच्या निकालात प्रकाशयोजनेचं, नेपथ्याचं, रंगभूषेचं वेगळं बक्षीस असायचं आणि आम्ही आमची ओळ आधी शोधायचो, नाटकाचा क्रमांक मागाहून. आमच्या सांगलीत 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भावे पदक देतात. 1843 साली भाव्यांनी तिथेच 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून तो दिवस. समारंभात नाच नाही, कोट्या नाहीत. नटाच्या हातात पदक, चार भाषणं, लोक घरी. टीव्हीला हे रटाळ वाटेल, कबूल.


प्रेषक: ठाणेकर
विषय: उत्तर: ओरडणं वगैरे

काका, पत्र आवडलं, पण जरा दुसरी बाजू. नाच नसले तर जाहिराती नाहीत, जाहिराती नाहीत तर कार्यक्रमच नाही. मग तुमचा प्रकाशयोजनाकार गाण्याच्या तालावर उरकलेल्या त्या तुकड्यातही दिसायचा नाही. माझ्या आईला (वय जाऊ द्या) नाटकाला जाणं आता झेपत नाही. तिने याच कार्यक्रमात तीन नाटकांची नावं टिपून ठेवली आणि भाच्याला तिकिटं काढून दिली. हे काय कमी आहे?

आणि हे आपलंच दुखणं आहे असंही नाही. इथल्या, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाटकांना मिळणाऱ्या टोनी पुरस्कारांचं बघा. 2014 साली त्यांनी ध्वनिसंयोजनाची दोन्ही बक्षिसं बंदच करून टाकली. मतदारांना त्यातलं कळत नाही, असं तेव्हा छापून आलं होतं. ध्वनीवाल्यांनी गदारोळ केला, हजारोंच्या सह्या गोळा झाल्या, तेव्हा कुठे 2017-18 च्या मोसमापासून ती परत आली. आणि आजही तांत्रिक बक्षिसांपैकी बरीचशी मुख्य प्रक्षेपणाच्या आधीच, वेगळ्या कार्यक्रमात देऊन टाकतात. खुद्द ब्रॉडवेवर ही तऱ्हा.

मात्र एक फरक आहे आणि तो आपल्या लोकांनी उचलावा. तिथे नामांकन मिळालेली संगीतिका आपलं गाणं घेऊन येते, स्वतःच्या नटसंचात, स्वतःच्या कपड्यांत. म्हणजे मधला नाचसुद्धा नाटकातलाच असतो. गद्य नाटकांची तिथेही उपेक्षाच होते, तो भाग निराळा. पण आपल्याकडे संगीत नाटकाची एवढी परंपरा असताना नांदी म्हणायलाही मालिकेतलीच जोडी लागते, हे मला खटकतं.


प्रेषक: नागपूरकर (धाकटा)
विषय: उत्तर: उत्तर: ओरडणं वगैरे

काका, सगळं पटलं असं नाही. तुमचंच म्हणणं धरलं तर मग प्रवेश दाखवताच कशाला? जे कॅमेऱ्यात मावत नाही ते कॅमेऱ्यासमोर आणायचं आणि प्रेक्षकाला सांगायचं, बाबा रे, तू मागच्या रांगेत बसलायस असं समज. हे काही बरोबर नाही नं. मी सोफ्यावर बसलोय. त्या नटालाही कुणी सांगायला हवं होतं की आज कॅमेरा जवळ आहे. वेब सिरीजमध्ये तो समजून घेतोच की.

त्यापेक्षा त्यांनी वाडा उभा राहताना का नाही दाखवला? मागे मुंबईला गेलो होतो तेव्हा एका मित्राबरोबर विंगेत उभा होतो. सकाळचा प्रयोग दुसऱ्याच नाटकाचा. तो सुटला, पडदा पडला, आणि टेम्पोतून फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या सुट्या भिंती, उतरायला लागले. दार, चौकट, जिना, झोपाळा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एक जण नुसता खडूच्या खुणा बघत फिरत होता आणि पायानेच दाखवत होता, इथे, इथे. दुपारच्या प्रयोगाची पहिली घंटा झाली तेव्हा झोपाळ्याला तेल घालणं चालू होतं. त्यानंतरचं नाटक मला आज धड आठवत नाही, पण ते तेल घालणं आठवतं. हे बक्षिसाच्या वेळी दोन मिनिटं दाखवलं असतं तर नेपथ्यकाराचं नावही लोकांच्या लक्षात राहिलं असतं, आणि टीव्हीलाही ते छान दिसलं असतं.


प्रेषक: पार्लेकर ताई
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ओरडणं वगैरे

वा रे धाकटे! हे कार्यक्रमवाल्यांना कळवायला हवं. काका, तुमचं उत्तर यावर ऐकायला आवडेल. नटाने कॅमेरा बघून आवाज खाली आणावा की नाही?


प्रेषक: सांगलीकर काका
विषय: थोडक्यात

आणावा. पण मग ते त्या नाटकातलं काम राहत नाही, नवीन काम होतं, आणि त्याला तालीम लागते. पुरस्काराच्या दिवशी तालमीचा वेळ कुणाला मिळतो? नाचाला मिळतो.

टेम्पोचं मात्र तू लाख बोललास.


प्रेषक: नाटक समिती
विषय: पुढच्या वर्षीचं नाटक

नमस्कार,

चर्चा वाचतोय. एक गोष्ट यानिमित्ताने. पुढच्या वर्षी कुठलं नाटक आणायचं याचा कौल घेण्यासाठी आम्ही जो फॉर्म पाठवणार होतो, त्यात प्रत्येक नाटकाखाली याच सोहळ्यातल्या फिती जोडल्या होत्या. त्या काढतो आहोत. त्याऐवजी निर्मात्यांकडे पूर्ण प्रयोगाचं चित्रीकरण मागितलंय. एकच कॅमेरा, प्रेक्षागृहाच्या मागून, जसं असेल तसं. दोघांनी पाठवायचं कबूल केलं आहे, तिसऱ्याने "आधी तारखा नक्की करा" म्हटलंय.

सर्वोत्कृष्ट ठरलेलं नाटक यादीत आहे, पण त्यात नटसंच मोठा आहे. सगळ्यांचे पी-3 (कलाकारांसाठीचे) व्हिसा, विमानं आणि राहणं धरलं तर तिकिटाचा दर बराच चढतो. शिवाय तो वाडा विमानाने येणार नाही, नेपथ्यकाराच्या नकाशावरून आपल्यालाच इथे उभारावा लागेल. सुतारकाम येणाऱ्यांनी आणि ज्यांच्या गॅरेजमध्ये महिनाभर फ्लॅट ठेवता येतील त्यांनी कळवावं. गेल्या वेळचा जिना मंडळाच्या कोठीत आहे, फक्त त्याची तिसरी पायरी बदलायला हवी.

काका, प्रकाशयोजनेसाठी तुमचं नाव लिहून टाकलं आहे. या सभागृहात डिमर (दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारे) मोजकेच आहेत, एकदा येऊन बघून जा.


प्रेषक: डोंबिवलीकर
विषय: उत्तर: पुढच्या वर्षीचं नाटक

गॅरेज देतो. लिंक अजून कुणी पाठवली नाहीये.