१२ व्होल्टच्या पंपाचा कनेक्टर वितळला पण फ्यूज उडाला नाही, असं का?

वर्कव्हॅन_१२
नमस्कार मंडळी, सर्व्हिसच्या गाडीत मागे १२ व्होल्टचा पाण्याचा पंप आणि दोन वर्क लाइट बसवलेत, सगळ्या वायरी एका डब्यात आणून साध्या प्लास्टिकच्या स्क्रूवाल्या कनेक्टर पट्टीत जोडल्यात. काल पंप चालता चालता बंद पडला, डबा उघडला तर करपलेला वास, पंपाच्या प्लसवालं प्लास्टिक तपकिरी होऊन बसकं झालेलं आणि स्क्रू बोटाने फिरतोय. पंप १२ अँपिअर घेतो, फ्यूज १५ चा, तो शाबूत. वायर २.५ स्क्वेअर एमएम, म्हणजे बारीक पण नाही, आणि टोकांना मी स्वतः नीट सोल्डर मारून मगच स्क्रूखाली घातलेली. मग चुकलं कुठे? आता मशीनच्या पॅनलमध्ये असतात तसले रेलवरचे टर्मिनल लावू का?

पॅनलवायरिंग
दादा, सोल्डरनेच घात केला. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं, तुम्ही कितीही घट्ट पिळा काही दिवसांत दाब उतरतोच, वर गाडीची थरथर आणि रोजचं तापणं-गार होणं. शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि नेमकी तिथेच तुटते.
फ्यूजचं म्हणाल तर त्याला फक्त करंट कळतो. जोड ढिला झाला की करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो, मग फ्यूज उडेल कशाला? पण त्या जोडावर समजा ०.६ व्होल्ट पडले तर १२ अँपिअरला ७.२ वॉट झाले, आणि ते सगळे नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक वितळणारच.
रेलवरचे घेणार असाल तर स्प्रिंगवाले घ्या. वायर जराशी दबली तरी स्प्रिंग मागोमाग येते, स्क्रू येत नाही. बारीक तारांच्या वायरीला नळीवालं लग लावा, एन्ड स्लीव्ह, आणि ते त्याच्याच क्रिम्पिंग टूलने दाबा, पकडीने चेपू नका. वायर किती सोलायची ते टर्मिनल ब्लॉकवर किंवा त्याच्या डेटाशीटमध्ये असतं, तेवढीच सोला. घातल्यावर ओढून बघा. ३५ एमएमच्या रेलवर दोन्ही टोकांना एन्ड स्टॉपर लावायला विसरू नका, थरथरीने अख्खी रांग सरकते, हे मी मशीनवर पाहिलंय.

गाडीचं_वायरिंग
वरचं सगळं पटलं, पण रेलवरचे टर्मिनल गाडीच्या आत, कोरड्या जागी ठीक. पाणी उडतं तिथे किंवा इंजिनजवळ मी तरी लावणार नाही, तिथे रबर सीलचा क्रिम्प कनेक्टरच हवा. पंपासारख्या जास्त करंटच्या लाइनला मला स्टडवर, म्हणजे आटेवाल्या उभ्या बोल्टवर, गोल भोकाचं रिंग लग आवडतं, नट जरा सैल झाला तरी रिंग निसटून बॉडीला टेकत नाही, पुढून उघडं असलेलं फोर्क लग निसटू शकतं.
अजून एक, वायर ब्लॉकच्या जवळच क्लॅम्प करा आणि ब्लॉकपाशी थोडा बाक ठेवा, म्हणजे हेलकावा जोडावर येत नाही. बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवायला असतो, जोड वाचवायला नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.
आणि बाकीचे जोड नुसते बघून सोडू नका. पंप चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर घ्या, जोडाच्या एका बाजूच्या तांब्यावर एक प्रोब, दुसऱ्या बाजूच्या तांब्यावर दुसरा. चांगल्या जोडावर थोडेच मिलिव्होल्ट दिसतात. पंप बंद असताना मोजलंत तर काहीच कळणार नाही, करंट वाहायला हवा.

वर्कव्हॅन_१२
खूप आभार दोघांचे. जळलेला जोड कापून तात्पुरता क्रिम्प केला आणि पंप चालवून बाकीचे मोजले. पंपाच्या मायनसवर ०.४२ व्होल्ट! दिसायला एकदम स्वच्छ होता, प्लास्टिकवर डाग सुद्धा नाही. स्क्रू काढून वायर बाहेर घेतली तर सोल्डरचा भाग पत्र्यासारखा चपटा झालेला, मधोमध स्क्रूच्या टोकाचा गोल खड्डा. म्हणजे तिथेही पाच वॉट निघत होते. लाइटच्या वायरींनाही मी सोल्डरच मारलंय, त्यामुळे सगळीच टोकं कापतोय. पंपाला रिंग लग आणि स्टड, लाइटला स्प्रिंगवाले.

पॅनलवायरिंग
कापताना सोल्डरच्या मागची पण सेंटिमीटरभर वायर काढा, सोल्डर तारांमधून इन्सुलेशनच्या आत चढलेलं असतं. चकचकीत लाल तांबं आणि सुट्या तारा दिसेपर्यंत मागे या, मगच लग दाबा.