हँडहेल्ड गेमिंग पीसी : लाइन जाते त्या गावात कितपत चालेल?

दारव्हा_लाइन
बजेट ७०-७५ हजार. गाव दारव्हा तालुक्यात. उन्हाळ्यात लाइनचा भरोसा नाही, पण घरी इन्व्हर्टर आहे, १५० एएच बॅटरीचा. बॅटरीवर चालते म्हणून असूसचा रॉग अलाय नाहीतर व्हॉल्व्हचा स्टीम डेक घ्यायचा विचार करून राहिलो. घरी दुसरा कॉम्प्युटर नाही. नेट मोबाइलचं, रोजचे २ जीबी. जास्त करून एकट्याने खेळायचे गेम, मित्रांसोबत व्हॅलोरंट. घ्यावा का?

टिनाखालचा_गेमर
भाऊ, लाइनची काळजी सोड, उन्हाची कर.

लाइनचं गणित सोपं आहे. जुन्या एलसीडी डेकची बॅटरी ४० वॉट-अवर, ओएलईडीची ५०. पहिल्या अलायची ४०, अलाय एक्सची ८०. चिपला १५ वॉट दिले की स्क्रीन, रॅम, पंखा धरून यंत्र २२ ते २५ वॉट ओढते, म्हणजे ४० वाली दीड-पावणेदोन तास पुरते. अलाय २५ वॉटच्या टर्बोवर टाकला तर तासाभरात खेळ खलास. पण इन्व्हर्टर असल्यावर हा प्रश्नच राहत नाही. तुझी बॅटरी कागदावर १२ × १५० = १८०० वॉट-अवर. त्यातले अर्धेच हाती येतात असं धर. ६५ वॉटचा चार्जर म्हणजे छताच्या एका पंख्याएवढा भार.

अडते ते कूलरपाशी, कारण कूलर बहुतेक घरी इन्व्हर्टरवर नसतो. डेकसाठी व्हॉल्व्हने सांगितलेलं भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश. चिप १०० अंशांवर गेली की वेग कापते, १०५ ला बंद पडते. मे अखेरच्या नवतप्यात टिनाखालची खोली दुपारी चाळिशी पार करते. पंखा तीच तापलेली हवा आत ओढतो, मग चिप थंड होईल कशी? सेकंदाला ६० चे फ्रेम ३५ वर येतात ते गेमच्या दोषाने नाही.

एप्रिल ते जून हे कर : चिप १० ते १२ वॉटवर बांध, फ्रेम ४० वर. ४० ला एक फ्रेम २५ मिलिसेकंदाचा. ३० ला ३३.३ आणि ६० ला १६.७ असतो, म्हणजे वेळेच्या हिशेबाने ४० बरोबर मधोमध. डोळ्याला ३० पेक्षा बराच सुखाचा, वीज मात्र ६० पेक्षा पुष्कळ कमी. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबव, ती सोय दोन्हीत आहे. तापलेल्या खोलीत चार्जरला लावून तासन् तास खेळलं की लिथियमची बॅटरी फुगायला वेळ लागत नाही. आणि कूलरच्या थेट झोतात धरू नको. त्या हवेतले तुषार क्षारांचे असतात, पंख्यात जाऊन पांढरे थर धरतात.

वणी_वायफाय
वरचं सगळं बरोबर, पण नेटचं कोणी बोललंच नाही. आजचे मोठे गेम १०० ते १५० जीबीचे. रोज २ जीबी म्हणजे एक गेम दोन महिन्यांत, तेही यूट्यूब बंद ठेवून.

उपाय आहे. स्टीममध्ये, म्हणजे गेम विकत घ्यायच्या अ‍ॅपमध्ये, २०२३पासून लोकल नेटवर्कवरून गेम उचलता येतो. तालुक्याला फायबर असलेल्या मित्राच्या पीसीवर गेम पूर्ण अपडेट असावा आणि तो तुझ्या खात्यातही विकत घेतलेला असावा. दोन्हीकडे सेटिंग्ज, डाउनलोड्स, तिथे गेम फाइल ट्रान्सफर चालू. मित्राचं खातं वेगळं असेल तर परवानगी ‘फ्रेंड्स’वर. राउटर नसेल तर एका फोनच्या हॉटस्पॉटवर दोन्ही जोड. फाइल आपसातच फिरतात, डाटा थोडासाच जातो. लाइन जाण्याआधी प्रत्येक गेम नेट चालू असताना एकदा उघडून घे, नाहीतर ऑफलाइन मोडमध्ये तोच नेमका अडतो.

व्हॅलोरंट डेकवर विसर. त्याचं चीटिंग पकडणारं व्हॅनगार्ड लिनक्सवर चालत नाही, आणि डेकचं स्टीमओएस लिनक्सच आहे. अलायवर विंडोज असल्यामुळे चालेल, पण बोटभर जॉयस्टिकने नेम धरून माउसवाल्यांपुढे टिकशील असं वाटत नाही.

शिवाय डेक भारतात अधिकृतपणे विकत नाहीत. मिळतो तो बाहेरून आणलेला, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडी.

आर्वी_रिपेअर
घरी दुसरा कॉम्प्युटर नाही ना? मग लॅपटॉप घे. फॉर्म, एमएस-सीआयटी, प्रोजेक्ट हे सगळं ७ इंचाच्या टचवर करशील तर जीव जाईल. बॅटरीवर गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड अर्ध्या दमावर येते, ते खरं. पण तुझा इन्व्हर्टर १५०-१८० वॉट सहज ओढेल.

दारव्हा_लाइन
लॅपटॉप कॉलेजमध्ये मिळणार आहे असं धरा. मग अलाय घेतला तर पॉवर बँक कोणती? आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरात लय धूळ असते.

टिनाखालचा_गेमर
डब्यावर ‘२२.५ वॉट’ लिहिलेली घेऊ नको, तो आकडा फोनच्या फास्ट चार्जिंगचा असतो. पीडीवर, म्हणजे यूएसबी-सीच्या पॉवर डिलिव्हरीवर, ती १८-२० वॉटच देते आणि खेळताना बॅटरी उतरतच राहते. ६५ वॉट पीडी पाहून घे. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, हाती ६० च्या आसपास, म्हणजे पहिला अलाय एकदा भरून थोडं उरते. केबल ५ अँपिअरची, ई-मार्कर चिपवाली. साधी केबल ६० वॉटवर थांबते.

लाइन आल्यावर पाच मिनिटं चार्जर लावू नको. कमी व्होल्टेजने काही होत नाही, चार्जर १०० ते २४० वर चालतो. डीपीवरून परत येताना जो झटका बसतो तो वाईट.

आर्वी_रिपेअर
धुळीचं मी सांगतो. कापसाचे तंतू मागच्या जाळीवर बसतात, ते आठवड्याला कोरड्या ब्रशने काढ. ब्लोअर मारायचा तर यंत्र बंद करून, दुरून, नाहीतर पंखा उलटा भिरभिरून बेअरिंग जाते. उघडायची वेळ आली तर आधी एसडी कार्ड काढ. डेकमध्ये ते विसरलं तर मागचं झाकण निघताना कार्डाचे दोन तुकडे होतात. पहिल्या अलायला तर एसडीवर गेम ठेवूच नको. तापल्यावर कार्ड दिसेनासं होते, २०२३मध्ये कंपनीनेच मान्य केलं होतं. त्या पैशात आतला एसएसडी १ टीबीचा कर. अलायला २२३० मापाचा लागतो, अलाय एक्सला २२८०. दुकानात सांगताना हा आकडा सांगजो.