जुन्या गाडीचा ब्रेक लाइट : दोष नेमका कुठे सापडला?

ब्रेक लाइट बंद पडल्याचे गाडी चालवणाऱ्याला जागेवर बसून कळत नाही. ते मागून येणाऱ्याला कळते, आणि तेही बहुधा उशिरा. जुन्या गाड्यांत हा दोष वारंवार उद्भवतो, परंतु त्यावर पहिला आणि अनेकदा एकमेव उपाय म्हणून बल्ब बदलला जातो. वास्तविक या दिव्याचा मार्ग साधा आहे : बॅटरी, फ्यूज, पेडलजवळचा स्विच, मागे जाणारी वायर, होल्डर, बल्ब आणि शेवटी बॉडीला जोडलेली अर्थिंग, म्हणजे प्रवाहाची परतीची वाट. यांपैकी कोठे खंड पडला होता आणि तो कोणत्या लक्षणावरून ओळखला, हे आपण सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

माझ्या २००४ सालच्या पेट्रोल गाडीचे मागचे दोन्ही ब्रेक लाइट आणि काचेजवळचा तिसरा दिवा एकदमच बंद झाले. तीन बल्ब एकाच वेळी जाणे जवळजवळ अशक्य, म्हणून तिन्हींना समाईक असलेल्या भागांपासून शोध सुरू केला. फ्यूज शाबूत होता. पेडलच्या वरच्या स्विचचे कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने जोडताच तिन्ही दिवे लागले. म्हणजे पुढचा मार्ग ठीक होता आणि स्विचच्या आतले कॉन्टॅक्ट झिजले होते. स्विचला दोनच वायरी असतील, तरच ही चाचणी करावी. चार वायरींच्या स्विचमध्ये वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय कोणतीही टोके जोडू नयेत.

मालवणहून

आमच्या गाडीचे लक्षण विचित्र होते. दिवसा ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मिणमिणत, आणि रात्री दिवे लावून ब्रेक दाबला की डावा टेल लॅम्प (रात्री मागे सतत जळणारा दिवा) उजळण्याऐवजी विझत असे. गॅरेजमध्ये बल्ब दोनदा बदलून झाला, तरी फरक पडला नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. या होल्डरमध्ये दोन फिलामेंटचा बल्ब असतो : टेल लॅम्पचे ५ वॉटचे आणि ब्रेकचे २१ वॉटचे. दोघांची अर्थिंग एकच. ती तुटली, की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला प्रवाह दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि टेल लॅम्पच्या वायरीने इतर दिव्यांपर्यंत पोहोचून तिथून परतीची वाट शोधतो. रात्री मात्र लहान फिलामेंटच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज मिळते, त्यामुळे ते पेटतच नाही. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसात टेल लॅम्पचे रबरी गॅस्केट आक्रसले होते; आत पाणी जाऊन होल्डरच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता, आणि अर्थिंगचा स्क्रू जिथे बॉडीला लागतो, तिथे गंज होता. बॅटरीची वायर काढून ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, नवा स्क्रू लावून वरून ग्रीस दिले आणि गॅस्केट बदलले. एक दिवा लावला की भलताच दिवा प्रतिसाद देतो, असे दिसले तर सर्वप्रथम अर्थिंग पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

नागपूरहून

माझा अनुभव उलट आहे : ब्रेक लाइट विझतच नव्हते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी उतरलेली असे. बहुतेक जुन्या गाड्यांत हे दिवे किल्ली काढल्यावरही लागतात. दोन बल्बांचे ४२ वॉट म्हणजे सुमारे ३.५ अँपिअर, ३५ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला दहा तास पुरतात. पेडलच्या दांड्यावर एक लहान प्लास्टिकचे बूच असते, त्यावर स्विचची पिन टेकून दबलेली असली, की दिवे बंद राहतात. जुने होऊन ते बूच चुरा झाले होते आणि पिन त्याच्या भोकातून आरपार बाहेर येत होती. पेडलखालच्या मॅटवर प्लास्टिकचे तुकडे पडलेले दिसले, तर तीच खूण समजावी.

पुण्याहून

मी स्वतः गाडीची देखभाल करते. आमचा ब्रेक लाइटचा फ्यूज मधूनमधून जात असे, आणि तो डिकी उघडल्यानंतरच जातो, हे बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले. तिसऱ्या ब्रेक लाइटची वायर डिकीच्या दारात ज्या रबरी नळीतून जाते, तिथे वर्षानुवर्षे दुमडून तिचे आवरण फाटले होते आणि तांबे पत्र्याला टेकत होते. अशा वेळी मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

न्यू जर्सीहून

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पार्क’ या उभ्या गाडीच्या स्थितीतून निघेना, म्हणून गिअरबॉक्सच्या मोठ्या खर्चाची धास्ती घेतली होती. दोष ब्रेक लाइटच्या स्विचमध्येच होता, कारण गिअरचे कुलूप त्याच स्विचच्या संकेतावर सुटते.

नाशिकहून

मालवणच्या अनुभवाला जोडून एक मोजमाप सांगतो. बल्ब काढून होल्डरवर मीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण तेव्हा प्रवाहच वाहत नसतो आणि गंजलेला सांधाही निर्दोष भासतो. बल्ब बसवून ब्रेक दाबलेला ठेवावा आणि होल्डरची अर्थिंग व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजावे. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. आमच्याकडे तो १ व्होल्टच्या वर होता. एवढ्याशा घटीने काय होते, असे वाटू शकते. पण फिलामेंटच्या बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, आणि भर उन्हात मागच्याला ब्रेक लाइट दिसतच नाही.

ठाण्याहून

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओत दिव्यांचीही तपासणी होते, त्याच्या आदल्या दिवशी शोधाशोध करण्यापेक्षा दर महिन्याला पाहणे बरे. सोबत कोणी नसेल तर संध्याकाळी गाडीचा मागचा भाग भिंतीजवळ नेऊन ब्रेक दाबावा. आरशांतून भिंतीवर दोन्ही बाजूंचा लाल उजेड सारखा दिसायला हवा. ही पाहणी टेल लॅम्प लावून आणि न लावता, अशी दोन्ही वेळा करावी. चुकीच्या बसलेल्या दोन फिलामेंटच्या बल्बचा दोष त्याशिवाय उघड होत नाही.