मदत हवी आहे: कात्रज घाटात जुनी कार्बोरेटरवाली गाडी गरम झाली की बंद पडते

बाबांची १९९६ची लाल गाडी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, तो आवाज ऐकला की दिवस छान जातो. पण दुपारी कात्रज घाट किंवा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला की धक्के देत बंद पडते. वीस मिनिटं थांबलं, किंवा गाडीच्या फ्युएल पंपावर (इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या) ओलं फडकं ठेवलं, की पुन्हा सुरू.

प्लग, पॉइंट, फिल्टर नवे. कार्बोरेटर साफ केला. रेडिएटर फ्लश केला, फॅन चालतो, टेंपरेचरचा काटा मध्यावरच असतो. बंद पडल्यावर प्लगला करंट येतो, म्हणजे दोष कॉइलचा नसावा. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होत असावी असं वाटतं. इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं, आणि आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं.

गाडी विकायची नाही, गॅस किटही नको. बाबा अजून रोज चालवतात, त्यामुळे घाटात अडकायची भीती वाटते.

कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवावा, की आधी रबरी पाइप बदलून आताच्या फ्युएल पंपाला उष्णतारोधक पत्रा लावून पाहावा? धनकवडी-स्वारगेट भागात कार्बोरेटरची खरी जाण असलेलं गॅरेज कोणतं?